टाँग टेस्टर घेतला, तीन वायरींत तीन आकडे. मोटर भरायला द्यायची का?

गिरणवाली (मये, डिचोली)

नमस्कार. मये गावात आमची पिठाची गिरण आहे. सासऱ्यांनी घातली, मग ह्यांनी चालवली, आता चार वर्षं मी चालवते. विजेतलं मला कळत नाही, गिरणीचा आवाज मात्र कळतो. पीठ जाडं पडतंय की बारीक, दगडाला टाकी मारायची वेळ झाली की नाही, हे मी दारात उभी राहून सांगते. त्यामुळे मोटरीचा सूर बिघडला तो पहिल्याच दिवशी कानाला लागला.

मोटर साडेसात एचपीची, थ्री फेज. प्लेटवर 5.5 किलोवॅट, 415 व्होल्ट, 10.8 अँपिअर, 1440 आरपीएम एवढंच वाचता येतं, बाकीचं तेलापिठाच्या थराखाली गेलं. स्टार्टर स्टार-डेल्टा. बटण दाबलं की आधी गुणगुणते, मग खट्ट होऊन जोर धरते.

चवथीच्या आधीचे तीन आठवडे हा आमचा सीझन. मोदकांना पिठी, पातोळ्यांना पिठी, लाडवांना चण्याची डाळ. नेमका तेव्हाच स्टार्टर पडायला लागला. वीस-पंचवीस मिनिटं चालते आणि बंद. दहा मिनिटं थांबायचं, रीसेट दाबायचं, परत चालू. बाहेर बायका डबे घेऊन उभ्या, वर पाऊस.

एक मेकॅनिक बोलावला. त्याने पेटी उघडली, आतल्या एका छोट्या चकतीला स्क्रूड्रायव्हरने पीळ दिला, म्हणाला, "आतां पडचें ना," आणि पाचशे रुपये घेऊन गेला. खरोखरच पडली नाही. पण दोन दिवसांनी मोटरीवर हात ठेवता येईना, आणि गिरणीत पिठाच्या वासाबरोबर वार्निशचा वास यायला लागला. पुन्हा फोन केला तर म्हणे मोटर गेली, भरून घ्या, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळ्या नव्या घाला, सहा हजार आणि आठ दिवस. चवथ तोंडावर असताना आठ दिवस कोण देणार?

मुलगा पुण्याला असतो. त्याने ऑनलाइन डिजिटल क्लॅम्प मीटर, म्हणजे टाँग टेस्टर, पाठवला. म्हणाला, "आई, वायर कापायची नाही, सोडायची नाही, नुसती कवेत घ्यायची, आत किती अँपिअर वाहतात ते दिसतं." मी मोटरीकडे जाणारी अख्खी जाड केबल कवेत घेतली. 0.00. मोटर धडधडतेय आणि मीटर म्हणतो काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर 5.3. गिरण चालू असताना 5.3, बंद असताना 5.3, हवेत धरला तरी 5.3. परत पाठवायला खोकं शोधलं, तेव्हा मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहून सांगितलं की होल्डचं बटण दाबलं गेलंय. हसू नका.

मग माझा भाचा आला साखळीहून. आयटीआय झालेला आहे, एका वायरमनच्या हाताखाली जातो. त्याने मेन बंद करून स्टार्टरची पेटी उघडली, वायरी एकमेकींपासून मोकळ्या केल्या, मग चालू करून एकेक वायर मीटरच्या तोंडात घेतली. मी लांब उभी राहून आकडे लिहिले. सुके तांदूळ दळत असताना:

स्टार्टरमध्ये येणाऱ्या तीन फेजच्या तीन वायरी: आर 11.9, वाय 9.3, बी 11.6.
रिलेमधून (जास्त भार आला की मोटर बंद पाडणारा भाग) मोटरीकडे जाणाऱ्या तीन: 6.0, 5.8, 7.2.

धुतलेले तांदूळ टाकले की ती 7.2 वाली 8 च्या वर जाते.

आता मला सांगा, मोटर नक्की किती खाते? 12 खात असेल तर प्लेटपेक्षा जास्त. 7 खात असेल तर काही बिघडलेलंच नाही. आणि भरायला द्यायची का?

निळा स्क्रूड्रायव्हर (मडगाव)

मोटर गेली समजा. पट्टा काढून रिकामी चालवून बघा. माझ्या ओळखीच्या एकाची रिकामी मोटर 5 अँपिअर खात होती, म्हणजे अर्धं बिल फुकट जात होतं. रिवाइंडिंग करा नाहीतर नवीन घ्या. तोपर्यंत कपॅसिटर लावा, अँपिअर खाली येतात.

जुना वायरमन (म्हापसा)

वहिनी, घाई करू नका. सहा हजार पेटीत ठेवा.

पहिलं म्हणजे तुमचा तो 0.00 चुकीचा नव्हता. मीटरच्या तोंडात वायर घेतली की तो तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. तिन्ही फेज एकत्र घेतले तर एकाने नेलेलं दुसऱ्याने परत आणलेलं असतं, बेरीज शून्य. म्हणूनच एका वेळी एकच वायर घ्यायची. घरातल्या दोन वायरींच्या केबलला लावला तरी तेच होणार, फेज आणि न्यूट्रल एकमेकांना खोडतात. पण शून्य आलं त्याचा अर्थ असाही होतो की मोटरीतून अर्थिंगला मोठा करंट गळत नाही. गळत असता तर बेरजेत काहीतरी उरलं असतं. तुमचा मीटर 0.01 पर्यंत आकडा दाखवतो, पण इतक्या लहान आकड्यावर साध्या मीटरचा भरवसा नसतो, बारीक गळती त्याला दिसेलच असं नाही. पावसाळ्यात, ओल्या जमिनीवर, नुसत्या त्या शून्यावर विसंबू नका. अर्थच्या वायरीलाही एकदा लावून बघा, तिथेही शून्याच्या आसपासच हवं.

दुसरं, मीटरचं तोंड पुसता का? गिरणीत पीठ उडतं. जबड्याच्या दोन टोकांच्या मध्ये पिठाचा थर बसला की तोंड पुरतं मिटत नाही आणि आकडा कमी दिसतो. कोरड्या फडक्याने पुसा, एकदा उघडझाप करा, मग घ्या. मी एका बेकरीत अर्धा दिवस असाच वाया घालवलाय.

तिसरं, ती छोटी चकती. ती ओव्हरलोड रिलेची होती. आधी किती आकड्यावर होती आणि आता किती आहे, भाच्याला बघायला सांगा. ते कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आणि निळे भाऊ, रिकामी थ्री फेज मोटर पाच अँपिअर घेते यात नवल काय? एवढ्या मोटरीला लोखंडात चुंबकत्व उभं करायलाच प्लेटच्या चाळीस-पन्नास टक्के करंट लागतो. तो करंट मीटरला दिसतो, पण बिलात त्याचं युनिट फारसं होत नाही, पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटातला खऱ्या कामाचा वाटा, तेव्हा अगदी खाली असतो. टाँग टेस्टरचा अँपिअर व्होल्टने गुणून बिल काढायला गेलात तर मडगावात एकही मोटर चांगली सापडायची नाही. कपॅसिटर लावून अँपिअर खाली येतात ते कपॅसिटरच्या मागच्या वायरीत. मोटरीच्या आत जेवढे होते तेवढेच राहतात, तिचा ताप कमी होत नाही.

वेर्णा बी शिफ्ट

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वहिनींच्या आकड्यांत गोम आहे ती डेल्टाची.

स्टार-डेल्टा स्टार्टरमधून मोटरीला तीन नाही, सहा वायरी जातात. मोटर आधी स्टार जोडणीत हळू सुरू होते. गिरण जोरात चालते तेव्हा ती डेल्टा जोडणीत असते, आणि लाइनमधून आलेला करंट दोन गुंडाळ्यांत वाटला जातो. त्यामुळे या सहा वायरींतला कुठलाही आकडा लाइनच्या 0.58 पट दिसतो, 1 भागिले 1.732. म्हणजे 10.8 च्या मोटरीला लाइनमध्ये 10.8 आणि रिलेच्या वायरीत 6.3 असायला हवेत. दोन्ही खरे आहेत, जागा वेगळी आहे.

आता तुमची यादी परत बघा. रिलेत 7.2 म्हणजे 6.3 पेक्षा चांगलंच वर. ओले तांदूळ टाकल्यावर 8 च्या पुढे. तुम्हाला 7 हा आकडा प्लेटवरच्या 10.8 पेक्षा लहान वाटला, पण त्या गुंडाळीला तो जड आहे.

बऱ्याच स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले या गुंडाळीच्या वाटेवरच बसवलेली असते, तुमचीही तशीच आहे, कारण तिच्यातून 6-7 चेच आकडे आले. अशी रिले प्लेटच्या आकड्यावर लावायची नसते, 0.58 पटीवर लावायची असते. शिकलेले मेकॅनिकसुद्धा इथे चुकतात. प्लेट वाचतात, 10.8 बघतात आणि चकती 10 वर नेऊन ठेवतात.

मोटर हाताला पोळते यावरून मात्र निष्कर्ष काढू नका. आताच्या मोटरींचं अंग पूर्ण लोडवर साठ-सत्तर अंशांपर्यंत जातं, तिथे कुणाचाच हात टिकत नाही. वार्निशचा वास हे जास्त वाईट लक्षण आहे.

तुमचा मीटर ट्रू आरएमएस (वेडावाकडा करंटही बरोबर मोजणारा) आहे का ते विचारणार होतो, पण तुमची मोटर सरळ लाइनवर आहे, साधा मीटर चालेल. आमच्याकडे ड्राइव्हवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर) चालणाऱ्या मोटरी आहेत, तिथे साधा मीटर कमी दाखवून फसवतो.

गिरणवाली

दोघांचेही आभार. काका, तोंड पुसलं. पांढरं फडकं आणखी पांढरं झालं. वाय वायरीतला आकडा परत घेतला, 9.3 चाच आला, म्हणजे त्यात पिठाचा दोष नव्हता. अर्थच्या वायरीत 0.00.

भाच्याने रिले बघितली. चकतीवर 6 ते 10 आकडे आहेत आणि बाण 10 वर आहे. आधी कुठे होता ते मेकॅनिकला विचारायची सोय नाही, तो आता फोन उचलत नाही. पण चकतीच्या कडेला कुणीतरी फार पूर्वी खिळ्याने एक रेघ ओढलेली आहे, ती 6 च्या जरा पुढे आहे. सासऱ्यांचीच असणार. ते सगळ्यांवर अशा रेघा ओढून ठेवायचे, तराजूवरसुद्धा.

जुना वायरमन (म्हापसा)

सासऱ्यांची रेघ बरोबर आहे. 6.3 ची जागा तीच.

आता हिशेब करा. रिलेत 10 म्हणजे लाइनला 17 च्या वर. मोटरीला 17 अँपिअर चढले तरी रिले शांत बसणार. तिला बसवलीच होती मोटर जळू नये म्हणून, आणि पाचशे रुपये घेऊन तिला झोपवून ठेवली. ती उगाच पडत नव्हती वहिनी, तिला 7 आणि 8 दिसत होते म्हणून पडत होती. आजच्या आज बाण रेघेवर आणा. थांबली तर थांबू दे. तापमान दहा अंशांनी वाढलं की गुंडाळीच्या इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब आहे. तुम्ही तीन आठवडे असं चालवलंत तर मोटर खरंच भरायला द्यावी लागेल.

पण खरी गोष्ट पुढे आहे. 11.9, 9.3, 11.6. सरासरी काढा, 10.9. वाय त्यापेक्षा 1.6 ने खाली, म्हणजे पंधरा टक्क्यांचा फरक. चांगल्या मोटरीचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात. आणि लक्षात घ्या, ज्या फेजमध्ये करंट कमी आहे त्याच फेजची वाट कुठेतरी अडलेली असण्याची शक्यता जास्त. वाट अडली की तिथे व्होल्टेज पडतं, आणि उरलेल्या दोघांना ओढावं लागतं. व्होल्टेजमधला एक टक्क्याचा फरक करंटमध्ये सहा ते दहा टक्के होऊन दिसतो. एक फेज पूर्ण गेला तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मोटर घों घों करते आणि जळते. तुमचा फेज गेलेला नाही, पण धड आलेलाही नाही.

दोष मोटरीत आहे की तिच्यामागे, हे मोटर न सोडता कळतं. भाच्याला सांगा:

मेन बंद. किटकॅट, म्हणजे चिनीमातीच्या डबीतले फ्यूज, तिन्ही काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, म्हणजे कुणी मागून येऊन चालू करणार नाही. टेस्टरने नव्हे, मीटरने व्होल्ट बघून वीज नाही याची खात्री करायची. मग स्टार्टरच्या तोंडाला येणाऱ्या तीन वायरींना चिकटपट्टी लावून नावं द्यायची आणि तिन्ही एकेक घर पुढे सरकवायच्या. आरच्या जागी बी, वायच्या जागी आर, बीच्या जागी वाय. तिन्ही, बरं का. दोनच बदलल्या तर मोटर उलटी फिरेल आणि गिरणीत वेगळाच गोंधळ होईल. मग चालू करून परत तीन आकडे. कमी आकडा चिकटपट्टीवरच्या वाय वायरीबरोबरच गेला तर दोष मागे, फ्यूज, मेन स्विच किंवा त्याच्याही मागे. कमी आकडा स्टार्टरच्या त्याच घरात राहिला तर दोष स्टार्टरमध्ये नाहीतर मोटरीत.

हे तुम्ही करायचं नाही, भाच्याने करायचं, आणि त्याच्या मास्तराला शेजारी उभं करून. पायात रबरी चप्पल, हातात अंगठी नको. मीटरवर कॅट थ्री 600 व्होल्ट (सुरक्षेचा दर्जा) लिहिलंय का बघा, नसेल तर त्याच्या प्रोब्स, म्हणजे टोकदार वायरी, 415 ला लावू नका. आणि गिरण दळत असताना, हवेत पीठ तरंगत असताना पेटी उघडी ठेवून खाटखूट करू नका. पिठाची धूळ ठिणगीने पेटते. आधी झाडून घ्या, पीठ खाली बसू द्या.

कुळागरकार (सावईवेरे)

मध्येच विचारतो, माफ करा. कुळागरातल्या विहिरीवर एक एचपीचा सिंगल फेज पंप आहे. दुपारी टाँग टेस्टर 8 दाखवतो, संध्याकाळी 9 च्या पुढे. पंप तोच, पाणी तेवढंच. मीटर खराब का?

वेर्णा बी शिफ्ट

मीटर ठीक आहे. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, पंपाला काम तेवढंच करायचं असतं, म्हणून तो करंट जास्त ओढतो. त्याच मीटरच्या प्रोब्सने दोन्ही वेळा व्होल्ट बघा. आणि घरापासून विहिरीपर्यंत वायर किती लांब, किती जाडीची ते सांगा. दीड एमएमची तांब्याची वायर साठ मीटर नेली असेल तर जाऊन-येऊन एकशे वीस मीटर होते, तिचा रोध साधारण दीड ओहम. 8 अँपिअरला बारा व्होल्ट वायरीतच संपतात.

कुळागरकार (सावईवेरे)

दीडचीच आहे आणि साठ नाही, नव्वद मीटर. कळलं. वेगळा धागा काढतो.

गिरणवाली

झालं. तीन दिवस लागले कारण भाच्याच्या मास्तरांना वेळ नव्हता, मग तेच आले. साठीचे गृहस्थ, कमी बोलतात. मी इथलं सगळं त्यांना वाचून दाखवलं तर एवढंच म्हणाले, "म्हापश्याचा माणूस जुना दिसतो."

वायरी सरकवल्या. कमी आकडा चिकटपट्टीवरच्या वायबरोबर गेला, 9.5. म्हणजे मोटर निर्दोष. मी त्यांच्यासमोर काही बोलले नाही, आत जाऊन देवाला हात जोडून आले.

मग मास्तरांनी मीटर व्होल्टवर घेतला, गिरण चालू, आणि एक प्रोब किटकॅटच्या वरच्या स्क्रूवर, दुसरी खालच्या. आरच्या फ्यूजवर 0.1. बीच्या फ्यूजवर 0.1. वायच्या फ्यूजवर 6.8. मेन स्विचच्या त्याच फेजच्या पात्यावर आणखी 2.9. मास्तर म्हणाले, एका फ्यूजमध्ये सहा-सात व्होल्ट आणि नऊ अँपिअर म्हणजे गिरण चालू असेपर्यंत साठचा एक बल्ब त्या चिनीमातीच्या डबीत पेटलेला आहे असं समजा. बाहेर काढला तर आतलं पितळ काळं-निळं, एका बाजूची पट्टी सैल, स्क्रूवर हिरवा कळंक. खालची चिनीमाती भाजलेल्या मडक्यासारखी झालेली. आमची मेनची फळी पश्चिमेच्या भिंतीला, पावसाचं पाणी चिऱ्यांत झिरपतं, भिंत कार्तिकापर्यंत ओली असते. वर्षानुवर्षं तो ओलावा त्यात गेला.

त्या फ्यूजमध्ये वायर ह्यांनी घातली होती, मला आठवतं, अशाच एका चवथीच्या आधी, घाईत, टॉर्च मी धरला होता. फ्यूजची तार मिळाली नाही म्हणून तांब्याचे दोन पदर पिळून घातले. मास्तरांनी ते पदर काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, हे जाळायला वीस नाही, पन्नास अँपिअर लागले असते.

तिन्ही किटकॅट नवे बसवले, मेन स्विचचं पातं घासून स्क्रू आवळले. आता सुके तांदूळ दळताना आर 10.5, वाय 10.2, बी 10.4. रिलेच्या वायरींत 6.0, 5.9, 6.1. बाण सासऱ्यांच्या रेघेवर. मोटरीवर हात अजूनही टिकत नाही, पण वार्निशचा वास गेला. काल सकाळी आठ ते दुपारी एक सलग चालली, एकदाही पडली नाही.

दुपारी दोनला पडली. एका घरचे पिठीचे तांदूळ होते, धुऊन पंख्याखाली वाळवलेले. वाळलेले कसले, मुठीत धरले तर गोळा होत होता. या हवेत दोन दिवस पसरले तरी तांदूळ वाळत नाहीत, हे मलाही कळतं. दगडात लगदा बसला, लाइनला मीटरने साडेबारा दाखवले, आणि थोड्या वेळाने खट्ट. पूर्वी मी रीसेट दाबला असता आणि मेकॅनिकला शिव्या दिल्या असत्या. या वेळी दगड उघडला, खरवडला.

एक विचारायचं राहिलं. प्रत्येक वेळी पेटी उघडून मीटर लावणं मला पटत नाही आणि मास्तरांनाही पटत नाही. हॉपरची झडप किती उघडावी हे आकडा बघून ठरवता आलं तर बरं होईल.

जुना वायरमन (म्हापसा)

शाबास. मास्तरांना माझा नमस्कार सांगा.

स्टार्टरच्या दारावर 0 ते 20 चा एक साधा काट्याचा अँमीटर बसवून घ्या, एका फेजच्या येणाऱ्या वायरीत. खर्च फार नाही. मास्तरांनाच बसवायला सांगा, त्यांना जागा कळेल. लाइनच्या वायरीत बसवायचा, रिलेच्या वायरीत नाही, नाहीतर पुन्हा 0.58 चा घोळ. काचेवर 10.8 ला लाल नेलपॉलिशची रेघ ओढा. काटा रेघेच्या अलीकडे राहील एवढीच झडप उघडायची. टाँग टेस्टर मग महिन्यातून एकदा काढायचा, तिन्ही फेज घेऊन वहीत लिहायचे. एक फेज इतरांपासून लांब जायला लागला की समजा कुठेतरी स्क्रू सैल होतोय. तुमच्या भिंतीला तो होणारच, जमलं तर मेनची फळी दुसऱ्या भिंतीवर घ्या.

बंद ठेवायचा असेल तेव्हा मीटरमधले सेल काढून ठेवा. पावसाळ्यात सेल पाझरतात आणि आतली पट्टी खातात.

निळा स्क्रूड्रायव्हर (मडगाव)

रिकाम्या मोटरीचं मी चुकीचं बोललो, मान्य. पण ओळखीच्या माणसाला मी मोटर बदलायला लावली त्याचं काय करू आता?

जुना वायरमन (म्हापसा)

जुनी मोटर भंगारात दिली नसेल तर आणून ठेवा सुटे भाग म्हणून. दिली असेल तर त्याला हा धागा दाखवू नका.

गिरणवाली

रेघ ओढली. नेलपॉलिश सुनेचं, अँमीटर मास्तरांनी काल बसवला. आता ओले तांदूळ आले की मी काटा दाखवते आणि परत पाठवते. एकजण म्हणाली, "वयनी, आधी तू हातात घेऊन बघायचीस, आता घड्याळात बघतेस." तिचे तांदूळ मी हातात घेऊनही बघितले. ओलेच होते.